दुसरं कडवं

बस क्रमांक सव्वीस. हीटर चालतो तो फक्त डाव्या बाजूचा.
टेनेसीतला हा डोंगर उतरताना रेडिओ नुसता खरखरतो
आणि पिकेटांच्या तंबाखूच्या कोठारापाशी अचानक स्वच्छ होतो.
आज नेमकं तिथेच लागलं.

आधी स्टील गिटार, लांबवलेली,
मग कुणा पोरसवदा गायकाचा आवाज,
रात्री अंगावरच राहिलेल्या शर्टासारखा.
गाणं त्याचं नाही.
अर्धं माझं, अर्धं ड्यूईचं. कागदावर तसं लिहिलेलंच आहे.

लिहिलं तेव्हा आमचं काहीच बिनसलेलं नव्हतं.
फेब्रुवारी होता, बर्फाने तारा तुटल्या होत्या,
गॅसवर घेवड्याचं पातेलं.
ड्यूई म्हणाला, ताटातुटीचं काहीतरी करू, खपतं.
कुणाच्या ताटातुटीचं?
कुणाच्याही. शेजारच्या क्लाइडच्या धर.
मग आम्ही क्लाइडची बायको घालवली,
विजेच्या बिलाच्या पाठकोऱ्या बाजूवर,
हसत हसत.

निळी सुटकेस मी दिली तिला. तिच्याकडे नव्हती, माझ्याकडे होती.
ड्यूईने फाटकाशी एक कुत्रं बसवलं.
‘ती वळून पाहत नाही’ ही ओळ त्याची.
‘तो हाकही मारत नाही’ ही माझी.
माझ्या ओळीवरून तासभर वाजलं आमचं.
तो म्हणे, मारतोच गं माणूस हाक.
मी म्हटलं, नाही मारत.
मेणबत्ती संपली तेव्हा माझी ओळ कागदावर होती
आणि घेवडा तळाला लागला होता.

क्लाइड आणि त्याची बायको अजून तिथेच राहतात.
परवा त्यांनी नवा पोर्च बांधला.

काडीमोड झाला तेव्हा वकीलबाईंनी यादी केली:
होडी त्याला, फ्रीजर मला,
फ्रीजरमधलं हरणाचं मांस निम्मं निम्मं, वजन करून.
गाण्यापाशी आल्यावर त्यांनी चश्मा काढला.
हे राहू दे असंच, म्हणाल्या, याला सुरी लागत नाही.
तेव्हा ते कुणी गायलंही नव्हतं.

आता दर तीन महिन्यांनी पाकीट येतं.
या खेपेला एकेचाळीस डॉलर सतरा सेंट.
त्यालाही तेवढेच, सेंटाचाही फरक नाही.
ड्यूईबद्दल आता मला नक्की ठाऊक असतं ते एवढंच.

त्याने हाक मारली का?
मला सांगता येणार नाही.
ट्रकचं इंजिन चालू होतं, काचा वर होत्या.
आणि मी वळून पाहिलं का, तर
आरशात पाहिलं.
ते वळून पाहण्यात धरायचं की नाही
हे त्या रात्री आम्ही ठरवलं नव्हतं.

ध्रुवपद आलं तशी मागची बाकं गाऊ लागली.
दुसरं कडवं कुणालाच येत नाही, तिथे सगळे गुणगुणतात,
सुटकेस, फाटक, सगळं त्या गुणगुणण्यात बुडून जातं.
सहावीतली ब्रायली पुढे सरकून बसली.
मिस अर्लीन, तुम्हाला येतं का हे मधलं?
थोडंसं, मी म्हटलं.
म्हणा ना.
म्हटलं मी, गिअर बदलत, सुराच्या जरा खालून.
तिने सगळं ऐकून घेतलं, दप्तराचा पट्टा चावत.
मग म्हणाली, येडीच आहे ती बाई.
कुत्र्याला तरी न्यायचं.

कुत्रं कधीच नव्हतं, ब्रायली.
हे मी बोलले नाही.
पुढे थांबा होता, हॉलिसांची दोन्ही पोरं धुक्यात उभी,
एकाच्या पायात एकच मोजा.
मी लाल पाटी बाहेर काढली, दार उघडलं,
आणि सवयीने
आरशात पाहिलं.